प्रॉक्समॉक्स ८ वरून ९ वर: होस्ट आधी रिकामा करा, मगच हात लावा

भोसरी-चाकण पट्ट्यात सर्व्हर सांभाळणाऱ्याला गुरुवारचं मोल विचारा. बहुतेक कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. बुधवारी शेवटची शिफ्ट सुटली की शुक्रवारी सकाळी पहिली शिफ्ट लागेपर्यंत सर्व्हर रूममध्ये तुम्ही, एसीचा आवाज आणि चहाचा थर्मास. अशाच एका गुरुवारी मी तीन होस्टचा क्लस्टर (एकमेकांना जोडलेला गट) प्रॉक्समॉक्स ८.४ वरून ९ वर नेला. प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली; ज्या सर्व्हरवर ती चालते तो होस्ट. प्रत्यक्ष पॅकेजं बदलायला होस्टमागे वीस-पंचवीस मिनिटं लागली. खरा वेळ आधीच्या पंधरवड्यात गेला होता, म्हणून हा लेखही बराचसा त्या पंधरवड्याबद्दल आहे.

कमांड आणि फाइलींची नावं मी इथे नागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

प्रॉक्समॉक्स व्हीईची ९.० आवृत्ती ५ ऑगस्ट २०२५ ला आली. ८ ची मालिका डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीवर म्हणजे बुकवर्मवर उभी होती, ९ ची डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सीवर आहे. ८ ला सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत ऑगस्ट २०२६. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं आणि कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, तेव्हा अनेकांनी व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ही अशीच प्रणाली सोडून इकडे मुक्काम हलवला. त्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा बसवली ती ८ च. त्यांच्यासाठी मोठी उडी ही पहिलीच, आणि ईएसएक्सआयची सवय इथे थोडी घात करते. तिथे जुनी आवृत्ती डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात जपून ठेवलेली असते. बिनसलं तर बूट होताना शिफ्ट-आर दाबून मागे जाता येतं. इथे तसं काही नाही. हा सरळ डेबियनचा वितरण-बदल आहे, चालत्या होस्टच्या पोटातली शेकडो पॅकेजं जागच्या जागी बदलतात. ९ वरून ८ वर उतरायची शिडी नाही. होस्ट पुसून ८ पुन्हा बसवणं, एवढाच मार्ग.

त्यामुळे होस्टवर एकही व्हीएम चालू नसताना अपग्रेड करायचं, हा माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम. रिकामा होस्ट बिघडला तर तो नुसता एक बिघडलेला डबा असतो. भरलेला होस्ट बिघडला तर तुमची टॅली, हजेरीचं मशीन आणि डिस्पॅचचं बारकोड सगळं त्याच्याबरोबर बसतं.

तारीख

महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा. ११ ला जीएसटीआर-१ या जीएसटी विवरणपत्राची मुदत असते, २० ला ३बी ची. मी एकदा १९ तारखेचा गुरुवार धरला होता. अकाउंट्सच्या काकांनी जिन्यात गाठून एवढंच विचारलं, “साहेब, उद्या ३बी आहे, तुम्हाला माहितीये ना?” तारीख एक आठवडा पुढे गेली, आणि ते बरोबरच होतं.

पंधरा दिवस आधी: यादी करणारी स्क्रिप्ट

प्रत्येक नोड (क्लस्टरमधला होस्ट) आधी ८.४ च्या शेवटच्या अपडेटवर आणा. ८.१ किंवा ८.२ वरून थेट ९ वर उडी मारायची नाही. त्यानंतर ‘पीव्हीई८टू९ --फुल’ चालवा. ही स्क्रिप्ट प्रॉक्समॉक्सबरोबरच येते आणि काहीही बदलत नाही, फक्त बघते आणि सांगते. त्यामुळे दिवसातून दहा वेळा चालवली तरी हरकत नाही. प्रत्येक ओळीपुढे पास, वॉर्न किंवा फेल असा शेरा येतो. फेल एकही राहता कामा नये. वॉर्नची प्रत्येक ओळ वाचून, का आली ते वहीत लिहा. ‘चालू गेस्ट सापडले, ते हलवण्याचा विचार करा’ ही वॉर्न होस्ट रिकामा झाला की आपोआप जाते.

माझ्याकडे पहिल्याच फेरीत जे निघालं ते सांगतो, कारण जुन्या क्लस्टरमध्ये साधारण हेच निघतं.

एक, सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा कंटेनर, म्हणजे होस्टचंच कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरणारं हलकं आभासी यंत्र. कुणीतरी सहा वर्षांपूर्वी गेटपासचं सॉफ्टवेअर त्यात बसवलं होतं आणि सगळे विसरून गेले होते. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये जुन्या पद्धतीचे सीग्रुप (प्रक्रियांना संसाधनं वाटणारी कर्नलची सोय) पूर्ण काढून टाकले आहेत, त्यामुळे ज्या कंटेनरच्या आतली सिस्टिमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) २३० किंवा त्याहून जुनी आहे ते चालूच होत नाहीत. सेंटओएस ७ आणि उबुंटू १६.०४ दोन्ही त्यात येतात. उपाय दोनच: आतली प्रणाली नवी करा, नाहीतर ते सॉफ्टवेअर पूर्ण व्हीएममध्ये हलवा. मी व्हीएम केला. त्यात अख्खा शनिवार गेला. हेच काम अपग्रेडच्या रात्री समोर आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करत बसलो नाही.

दोन, ‘सिस्टिमडी-बूट’ नावाचं पॅकेज. ८ च्या काही आयएसओंमधून ते आपसूक बसलेलं असतं. स्क्रिप्ट काढा म्हणाली तर काढा. तुम्ही स्वतः विचार करून बसवलं असेल तर गोष्ट वेगळी. ते तसंच राहिलं तर अपग्रेडच्या वेळी बूटची मांडणी बिघडू शकते.

तीन, सामायिक एलव्हीएम, म्हणजे सगळ्या होस्टना दिसणाऱ्या डिस्कचे पाडलेले भाग (व्हॉल्यूम). आमच्या व्हीएमच्या डिस्क आय-स्कझीवरच्या सॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या साठ्यात आहेत. अशा स्टोरेजवरचे व्हॉल्यूम होस्ट बूट होताना आपोआप सुरू होऊ नयेत, अशी ९ ची अपेक्षा आहे. जुन्या व्हॉल्यूमवर ती खूण लावून देणारी ‘पीव्हीई-एलव्हीएम-डिसेबल-ऑटोॲक्टिव्हेशन’ ही स्क्रिप्ट सोबत येते, आणि कुठे आहे तेही तपासणीत लिहून येतं.

काही गोष्टी मात्र हातानंच बघाव्या लागतात. रूट विभाजनावर किमान ५ जीबी मोकळी हवी. मी १० च्या खाली असताना सुरुवात करत नाही. कर्नलचे आकडे ‘ईटीसी-सिसकंट्रोल-डॉट-कॉन्फ’मध्ये लिहून ठेवले असतील तर ते ‘सिसकंट्रोल-डॉट-डी’ फोल्डरमधल्या फाइलीत हलवा, कारण ट्रिक्सी ती जुनी फाइल बूट होताना वाचतच नाही. आणि टेम्प फोल्डर आता मेमरीत राहतो. रात्रीचा डेटाबेस डंप आधी टेम्पमध्ये टाकून मग हलवणारी कुणाची स्क्रिप्ट होस्टवर असेल, तर ती आता थेट रॅम खाईल. ग्लस्टरएफएस या सामायिक स्टोरेजचा आधारही ९ मध्ये गेला आहे. ते वापरत असाल तर आधी स्टोरेज बदला, अपग्रेडचं नंतर बघू.

सेफ (अनेक होस्टच्या डिस्क मिळून केलेलं स्टोरेज) वापरणाऱ्यांनी आधी सेफच १९.२ म्हणजे स्क्विडवर न्यायचं, ते स्थिर होऊ द्यायचं आणि मग होस्टकडे वळायचं. दोन्ही एकाच रात्री उरकण्याचा मोह नको. नोड रीबूट करण्याआधी ‘नोआउट’ ध्वज लावा, नाहीतर पाच-दहा मिनिटांच्या गैरहजेरीसाठी सेफ सगळा डेटा इकडून तिकडे वाटत बसेल.

बॅकअप, आणि तो परत येतो का

बॅकअपच्या यादीत हिरवी खूण आहे म्हणजे बॅकअप आहे, असं मी मानत नाही. दोन महत्त्वाचे व्हीएम नव्या क्रमांकानं रिस्टोअर करा. पण सुरू करण्याआधी त्यांच्या नेटवर्क कार्डची ‘डिस्कनेक्ट’ खूण लावा. नाहीतर एकाच आयपीचे दोन टॅली सर्व्हर एका नेटवर्कवर उभे राहतील आणि सकाळी कोण कुठल्यात एंट्री करतंय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. कन्सोल उघडा, लॉगइन करा, डेटाबेस उघडतोय का बघा, मग उडवा.

होस्टचं स्वतःचं सामानही बाजूला काढायचं. आख्ख्या ‘ईटीसी’ फोल्डरचा टार (एकच गठ्ठा-फाइल) करा. ‘ईटीसी-पीव्हीई’ ही खरी फोल्डर नसून क्लस्टरच्या डेटाबेसवरून दाखवलेली आहे, तरी टारमध्ये तिचा मजकूर येतो. मूळ डेटाबेस ‘व्हार-लिब-पीव्हीई-क्लस्टर’मध्ये ‘कॉन्फिग-डॉट-डीबी’ नावानं असतो, त्याचीही एक प्रत घ्या. हे सगळं दुसऱ्या यंत्रावर ठेवा, आणि ते यंत्र याच क्लस्टरमधला व्हीएम नाही याची खात्री करा. हसू नका, लोक करतात.

आता थोडं जुन्या पद्धतीचं काम. ‘आयपी लिंक’ची कमांड चालवून प्रत्येक नेटवर्क पोर्टचं नाव आणि मॅक पत्ता कागदावर उतरवा, कोणती केबल कुठल्या पोर्टला ते पण. त्याच कागदावर आयड्रॅक, आयएलओ किंवा होस्टची स्क्रीन दुरून दाखवणारं जे काही असेल त्याचा पत्ता आणि पासवर्ड लिहा आणि आजच लॉगइन करून बघा. पासवर्ड तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाला माहीत होता, हे रात्री दोन वाजता कळून उपयोग नाही. हा कागद पुढे कामाला येणार आहे.

होस्ट रिकामा करताना

तीनपैकी एक होस्ट रिकामा म्हणजे उरलेल्या दोघांत सगळ्यांची रॅम मावली पाहिजे. आमचे होस्ट प्रत्येकी १२८ जीबीचे, व्हीएमना दिलेली एकूण रॅम २१० च्या आसपास. कागदावर २५६ मध्ये मावते, पण होस्टवर झेडएफएस ही फाइल प्रणाली आहे आणि त्याची कॅश आपला वाटा घेते. ८.१ किंवा त्यानंतर नव्यानं बसवलेल्या होस्टवर ती रॅमच्या १० टक्क्यांना, फार तर १६ जीबीला बांधलेली असते. त्याआधी बसवून पुढे चढवत आणलेल्या होस्टवर ती निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकते. माझा एक होस्ट तसा निघाला. चाचणीचे चार व्हीएम त्या रात्रीपुरते बंद ठेवले आणि प्रश्न मिटवला.

चालू व्हीएम ८ वरून ९ वर हलवता येतात. ९ वरून ८ वर परत हलवताना गाडी अडकू शकते, तो प्रवास गृहीत धरू नका. म्हणून क्रम आधी ठरवा. पहिला होस्ट रिकामा करून त्यातले व्हीएम दुसऱ्या-तिसऱ्यावर. पहिला ९ झाला की दुसऱ्यातलं सगळं पहिल्यावर. मग तिसऱ्यातलं या दोघांवर. प्रवास पुढच्या दिशेनंच.

स्थलांतर अडतं ते बहुतेक वेळा फालतू कारणानं. व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये विंडोजची आयएसओ दीड वर्षापासून लटकलेली असते आणि ती फक्त त्याच होस्टच्या लोकल स्टोरेजवर असते. सगळ्या व्हीएमचे सीडी ड्राइव्ह आदल्या दिवशीच रिकामे करा. प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ ठेवला असेल आणि तीन होस्टचे प्रोसेसर वेगळ्या पिढ्यांचे असतील, तर चालू व्हीएम हलल्यावर कोसळू शकतो. तो बंद करून हलवा. एखादं कार्ड किंवा यूएसबी डोंगल थेट जोडलेल्या व्हीएमचंही तेच. कंटेनर चालू अवस्थेत हलतच नाहीत, ते थांबून पलीकडे पुन्हा सुरू होतात. ती दोन मिनिटं कुणाला तरी आधी सांगून ठेवावी लागतात.

कोरमचं, म्हणजे क्लस्टर चालायला लागणाऱ्या किमान मतांचं, गणित इथेच करून टाकू. तीन मतांपैकी दोन हजर असली की क्लस्टर चालतो. एक होस्ट अपग्रेडमध्ये असताना दुसऱ्याची केबल निघाली, तर उरलेल्या एकट्याचा ‘ईटीसी-पीव्हीई’ फक्त वाचण्यापुरता राहतो. आणि एचए (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे आपोआप उठवणारी सोय) चालू असेल तर वॉचडॉग, म्हणजे पाळत ठेवणारा टायमर, त्याला मिनिटभरात रीबूट करतो. म्हणून त्या रात्री रॅकमध्ये दुसरं कुठलंही काम नाही. यूपीएसची बॅटरी बदलायला आलेल्या माणसालाही परत पाठवा. दोनच नोडचा क्लस्टर असेल तर छोट्या तिसऱ्या यंत्रावर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा सदस्य) आधी बसवून घ्या.

रिपॉझिटरी

एसएसएचनं शिरा आणि लगेच टीमक्स सुरू करा, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहतं. ब्राउझरमधल्या शेलवरून अपग्रेड करायचं नाही. ज्या सेवेवर ते शेल चाललेलं असतं तीच सेवा मध्येच पुन्हा सुरू होते आणि तुमचं सत्र तुटतं. मागच्या मोठ्या अपग्रेडला मी हे केलं होतं. स्क्रीन पांढरी झाली, खालचं पॅकेजं बसवणारं डीपीकेजी अर्ध्यात लटकलं. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ देऊन सावरलं, पण त्या अर्ध्या तासात घाम फुटला.

रिपॉझिटरी म्हणजे पॅकेजं जिथून येतात ते कोठार. ‘ईटीसी-एपीटी’मधल्या सोर्सेसच्या यादीत जिथे बुकवर्म आहे तिथे ट्रिक्सी करा. ‘सोर्सेस-लिस्ट-डॉट-डी’मधल्या सगळ्या फाइली उघडून बघा, तिथे कधीकाळी टाकलेल्या तिऱ्हाइतांच्या ओळी असतात: कुठल्या मॉनिटरिंग एजंटची, कुठल्या रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या) कार्डच्या साधनाची. ट्रिक्सीसाठी त्यांची रिपॉझिटरी आहे याची खात्री नसेल तर ओळीपुढे हॅश लावून बंद करा. प्रॉक्समॉक्सची ओळ आता नव्या धाटणीच्या ‘डॉट-सोर्सेस’ फाइलीत लिहायची असते. वर्गणी असेल तर एंटरप्राइझ, नसेल तर नो-सबस्क्रिप्शन. एकच ठेवा आणि जुनी ‘डॉट-लिस्ट’ फाइल उडवा.

आता ‘एपीटी अपडेट’ आणि लगेच ‘एपीटी पॉलिसी’. यादीत बुकवर्म हा शब्द कुठेही दिसला तर थांबा.

पॅकेजं

‘एपीटी डिस्ट-अपग्रेड’. नुसतं ‘अपग्रेड’ कधीही नाही. ते जुनी पॅकेजं काढायला बिचकतं आणि होस्ट धड ८ नाही धड ९ नाही असा राहतो.

वाय दाबण्याआधी ‘काढली जातील’ या मथळ्याखालची यादी सावकाश वाचा. तिथे ‘प्रॉक्समॉक्स-व्हीई’ हे नाव असेल तर तुमची रिपॉझिटरी चुकली आहे. पुढे गेलात तर एपीटी प्रॉक्समॉक्सच काढून टाकेल. प्रॉक्समॉक्सनं त्यासाठी एक अडसर घातला आहे, तो मोठ्यानं ओरडतो आणि काम थांबवतो. त्याला फसवून पुढे जाण्याचे मार्ग शोधू नका. एन दाबा, सोर्सेस दुरुस्त करा.

सुरुवातीला बदलांची लांबलचक नोंद स्क्रीनभर उघडते, क्यू दाबलं की बंद होते. बऱ्याच जणांना वाटतं अपग्रेड अडकलं. मग कॉन्फिगरेशन फाइलींचे प्रश्न येतात: तुमची ठेवू की नवी घेऊ? ‘ईटीसी-इश्यू’ला स्वतःची ठेवा, ती प्रॉक्समॉक्स तसाही पुन्हा लिहितो. ‘एलव्हीएम-डॉट-कॉन्फ’ला नवी घ्या, तुम्ही मुद्दाम काही लिहिलं नसेल तर. एसएसएचच्या फाइलीला आधी डी दाबून फरक बघा. तुमचा काही बदल नसेल तर नवी. ‘डिफॉल्ट-ग्रब’ला मात्र हात आखडता. कार्ड थेट व्हीएमला देण्यासाठीचे आयओएमएमयूसारखे पर्याय तिथे लिहिलेले असतात, ते गेले तर पासथ्रू कार्डाचा व्हीएम सकाळी उठत नाही. शंका आली की एंटर. म्हणजे जुनीच राहते आणि फरक नंतर निवांत बघता येतो.

संपल्यावर ‘पीव्हीई८टू९’ पुन्हा एकदा चालवा, रीबूटच्या आधी.

रीबूट, आणि तो कागद

८.४ चं नेहमीचं कर्नल ६.८ होतं, ९.० बरोबर ६.१४ येतं. नवं कर्नल काही नेटवर्क कार्डांना जास्त नीट ओळखतं आणि मग पोर्टचं नाव बदलतं. माझ्या पहिल्या होस्टवर तेच झालं. रीबूट दिला, पिंग सुरू ठेवला, आणि सात मिनिटं झाली तरी उत्तर नाही. आयड्रॅकवरून कन्सोल उघडला. होस्ट व्यवस्थित उभा होता, लॉगइन मागत होता, फक्त नेटवर्क नव्हतं. ‘आयपी लिंक’ दिली. कागदावर ‘ईएनपी६५एस०एफ०’ लिहिलेलं, स्क्रीनवर ‘ईएनपी६५एस०एफ०एनपी०’. मागे तीन अक्षरं चिकटली होती, मॅक पत्ता तोच. व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा ब्रिज जुन्या नावाची वाट बघत बसलेला. ‘ईटीसी-नेटवर्क-इंटरफेसेस’मध्ये ब्रिज-पोर्ट्सच्या ओळीत आणि वरच्या ‘आयफेस’च्या ओळीत नवं नाव टाकलं, ‘आयएफरीलोड -ए’ दिलं, आणि पिंग आला. चार मिनिटांचं काम. कागद आणि कन्सोल नसते तर त्याच चार मिनिटांचे चार तास झाले असते.

पुढच्या दोन होस्टवर मी शहाणा झालो होतो. ९ बरोबर ‘पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग’ नावाचं साधन येतं. पॅकेजं बसल्यावर, पण रीबूटच्या आधी, ते ‘जनरेट’ पर्यायासह चालवलं की पोर्टना निक०, निक१ अशी मॅकला बांधलेली पक्की नावं मिळतात आणि नेटवर्कच्या फाइलींतही तीच नावं जातात. रीबूटनंतर लागू होतात. दोन्ही होस्ट पहिल्या दमात वर आले.

होस्ट वर आल्यावर ‘पीव्हीईव्हर्जन’, ‘यूनेम -आर’ आणि ‘पीव्हीसीएम स्टेटस’ बघा. तिन्ही मतं दिसली पाहिजेत. ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान ताजं करा, नाहीतर जुन्या आवृत्तीचं जावास्क्रिप्ट चित्रविचित्र चुका दाखवतं. लगेच पन्नास व्हीएम त्यावर चढवू नका. आधी एक बिनमहत्त्वाचा हलवा, त्यातून फाइल कॉपी करा, एक बॅकअप घ्या. बॅकअप तिऱ्हाइत सॉफ्टवेअरनं घेत असाल तर ते ९ ला चालतं का हे पंधरवड्यातच विचारून ठेवलेलं असायला हवं. नव्या कर्नलचं आणि तुमच्या एखाद्या कार्डाचं पटलंच नाही, तर बूटच्या यादीतून जुनं ६.८ निवडून बूट करता येतं आणि ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल’नं काही दिवस त्यावरच खिळवून ठेवता येतं.

दुसरा आणि तिसरा होस्ट याच रीतीनं. दोन आवृत्त्यांचा मिश्र क्लस्टर एक-दोन दिवस चालतो, पण महिनाभर तसाच ठेवायचा प्रकार नाही. एचए गटांचे नव्या पद्धतीचे नियम होतात, तेही तिन्ही नोड ९ वर आल्यावरच.

दुसऱ्या दिवशी झेडएफएस सांगेल की पूलमध्ये (त्याच्या डिस्कच्या संचात) नवी वैशिष्ट्यं उपलब्ध आहेत, ‘झेडपूल अपग्रेड’ करा. ते करू नका, निदान महिनाभर. एकदा केलं की जुन्या कर्नलला किंवा ८ च्या आयएसओला तो पूल उघडता येईलच असं नाही. माझ्या तिन्ही होस्टवर ती सूचना अजून तशीच आहे. सोर्सेसच्या फाइली नव्या धाटणीत आणणारं ‘एपीटी मॉडर्नाइझ-सोर्सेस’ मात्र मी त्याच शुक्रवारी चालवून टाकलं, पहिली शिफ्ट लागून हजेरीच्या मशीनवर रांग पुढे सरकतेय हे खिडकीतून बघितल्यावर.